फेल्टची हॅट भिजली, आता काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पाऊस सुरू झाल्यापासून या सदराकडे हॅटबद्दल बरीच पत्रं आली आहेत, काही फोटोंसकट. कुणाला मुलाने परदेशातून आणून दिलेली, कुणी ऑनलाइन मागवलेली, कुणाला घरातल्या जुन्या ट्रंकेत सापडलेली. बहुतेकांना पावसाचीच काळजी आहे, म्हणून यावेळी फक्त फेडोरा (डोक्यावर खड्डा आणि भोवती कड असलेली हॅट) आणि तिच्यासारख्या फेल्टच्या, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या केसांच्या, हॅटचेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न (ठाणे): मुलाने इटलीहून सशाच्या केसांच्या फेल्टची फेडोरा आणली. परवा स्टेशनवर रिक्षा मिळेना म्हणून पावसातच चालत घरी आलो, हॅट पार भिजली. लगेच हेअर ड्रायरने वाळवली. आता कड लाटांसारखी वरखाली झालीये आणि डोक्यात घालायला गेलं की घट्ट बसते. आता ती फेकूनच द्यायची का?

उत्तर: अजिबात फेकू नका. तुमच्या हॅटला पावसाने जेवढं बिघडवलंय त्यापेक्षा जास्त ड्रायरने बिघडवलंय आणि त्यातलं बरंचसं दुरुस्त होऊ शकतं. पण आधी हे का झालं ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी घाई होणार नाही.

फेल्ट हे विणलेलं कापड नसतं, त्यात उभे-आडवे धागे नसतात. केसाच्या अंगावर बारीक खवले असतात, त्याला ओलावा, उष्णता आणि चोळणं हे तिन्ही एकदम मिळालं की केस एकमेकांत अडकत जातात आणि आकसत जातात, लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुतल्यावर लहान होतो तो याच कारणाने. हॅटच्या कारखान्यात हेच मुद्दाम करतात, आधी भोकं असलेल्या मोठ्या शंकूवर हवा ओढून सशाचे केस बसवतात, मग गरम पाणी आणि दाब देऊन देऊन तो शंकू खूप लहान आणि दाट करतात आणि त्यानंतर लाकडी साच्यावर ओढून त्याची हॅट होते. म्हणजे तुमची हॅट मुळातच आकसवून बनवलेली वस्तू आहे, आणि तुम्ही ती चिंब असताना गरम हवा मारलीत म्हणजे कारखान्यातलं अर्धं काम घरी परत सुरू केलंत. शिवाय आतल्या बाजूला चामड्याची पट्टी असते, स्वेटबँड म्हणतात ती, ओलं चामडं तापलं की आखडतं आणि कडक होतं आणि ती पट्टी फेल्टला शिवलेली असल्याने आपल्याबरोबर हॅटलाही आत ओढते. घट्टपणा बहुतेक तिथूनच आलाय.

आता दुरुस्ती. आधी आतली पट्टी बाहेर उलटवून बघा. चामडं तडकलं नसेल, नुसतं कडक झालं असेल, तर त्याला लेदर कंडिशनर अगदी थोडं लावा, फेल्टला लागू देऊ नका, आणि रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी किटलीत पाणी उकळा, हॅट किटलीच्या तोंडापासून वीतभर लांब धरा आणि जिथे पट्टी शिवलेली आहे त्या घेरावर बाहेरून वाफ द्या, चामड्यावर थेट देऊ नका. फेल्ट हाताला मऊ लागायला लागलं की हॅट डोक्यावर घालून तशीच गार होऊ द्या किंवा हॅट स्ट्रेचर (हॅट आतून ताणून धरणारं साधन) मिळाला तर तो लावून ठेवा. स्ट्रेचर एकदम ताणायचा नाही, रोज थोडा थोडा. साधारण अर्धा साइज परत मिळतो, त्याहून जास्तीची अपेक्षा ठेवू नका कारण पट्टीची शिवण उसवते. कडेसाठी मात्र टेबलावर जाड सुती कापड अंथरा, कडेला वाफ द्या, तिच्यावर ओलसर रुमाल टाका आणि इस्त्री लोकरीच्या सेटिंगवर ठेवून दाबा, घासू नका, नुसतं ठेवा आणि उचला. गोल फिरत पूर्ण कड करा, गार होईपर्यंत हात लावू नका आणि मग पुढची बाजू खाली, मागची वर असं वळण द्या. लाटा जातात, मन लावून केलं तर पूर्ण जातात.

आणि पुढच्या वेळी भिजलीच तर असं करा. पाणी झटका, पण पिळू नका, चोळू नका. डोक्यावरचा खड्डा आणि पुढचा चिमटा (समोर दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी घडी असते ती) आतून हाताने बाहेर ढकलून सपाट करा, हो, मुद्दाम बिघडवायचं, कारण घडीतच पाणी साचून राहतं आणि ती घडी तशीच ठेवून हॅट वाळली की तिथे फेल्ट कमजोर होतं. चामड्याची पट्टी पूर्ण बाहेर काढा आणि हॅट त्या पट्टीवर उभी करा, म्हणजे कड हवेत राहते आणि वजन तिच्यावर येत नाही. पंखा खोलीत चालू असला तरी चालेल, एसीचा ड्राय मोड असेल तर फारच उत्तम. गॅसजवळ, फ्रिजच्या मागे, उन्हात, इस्त्रीखाली यातलं काही नाही. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत दोन दिवस सहज लागतात, लागू देत. वाळली की मऊ ब्रशने घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, लव बसलेली असते त्या बाजूने, हलकेच फिरवा आणि मग घड्या परत घाला.

अजून एक सांगायचंय. या हॅट जिथे रोजच्या वापरात रुजल्या तिथला पाऊस वेगळा आहे. लंडनला वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पडतो, आणि तो असा भुरभुर. मुंबईत एकट्या जुलैत ८०० च्या वर जातो. चांगल्या सशाच्या फेल्टवर भुरभुर पडली तर थेंब वरच्या वर गोल उभे राहतात, मान तिरकी केली की घसरून जातात, आत काही होत नाही. पण आपल्या सरीत पंधरा मिनिटं म्हणजे डोक्यावरच्या खड्ड्यात अक्षरशः पाणी साठतं आणि रिबिनीच्या कडेने आत शिरतं. फेल्टची हॅट पावसासाठी आहेच, फक्त आपल्या पावसासाठी नाही, हे मला मनापासून वाटतं.

प्रश्न (पुणे): ऑनलाइन फेडोरा पाचशे रुपयांपासून कितीही महाग दिसतात, सगळ्यांवर फेल्टच लिहिलेलं असतं. फरक कसा ओळखायचा? आणि सशाच्या केसांसाठी सशाला मारतात का? आमच्या घरात हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

उत्तर: आधी दुसरा प्रश्न घेते. हो, सशाचं फेल्ट हे मारलेल्या सशांच्या कातड्यावरच्या केसांपासूनच होतं, बहुतेक मांसासाठी पाळलेल्या किंवा शिकार केलेल्या सशांचे. घरात ते चालणार नसेल तर सशाची किंवा बीव्हर या दाट केसांच्या प्राण्याची हॅट घेऊ नका, लोकरीची घ्या. लोकर मेंढीच्या अंगावरून कातरून घेता येते. जिभेवर एक आणि डोक्यावर वेगळं असं कशाला.

आता फरक. बाजारात तीन प्रकार फिरतात. एक पॉलिएस्टरचं दाबलेलं कापड, पाचशेवालं बहुतेक हेच असतं. दुसरं मेंढीच्या लोकरीचं फेल्ट. तिसरं सशाचं, किंवा त्याहून महाग बीव्हरचं. कडेच्या आतल्या बाजूचा एखादा तंतू काढून जाळून बघा, प्लॅस्टिकचा वास येऊन गोळा झाला तर पॉलिएस्टर, केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरली गेली तर लोकर किंवा सशाचं. मग लोकर की ससा, ते हाताला कळतं. सशाचं पातळ असूनही दाट लागतं आणि वाकवलं की परत येतं, लोकरीचं जाड, थोडं खरखरीत आणि वाकवलेलं तसंच राहतं. पाण्याचा एक थेंब टाका, सशाच्या फेल्टवर तो बराच वेळ उभा राहतो, लोकरीवर बहुतेक वेळा लवकर पसरतो.

लोकर वाईट असं नाही, पण पावसात ती फसवते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के पाणी शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही, म्हणून तुम्हाला वाटतं काही झालं नाही आणि दुसऱ्या दिवशी कड खाली लोंबते. स्वस्त हॅटला कडकपणा यावा म्हणून जिलेटिनसारखी खळ घालतात, ती पाण्यात विरघळते. चांगल्या हॅटला लाखेचं शेलॅक वापरतात, ते पाण्यात विरघळत नाही. आणि हे शेलॅक बरंचसं आपल्या झारखंड-छत्तीसगडच्या लाखेपासूनचं, इंग्लंडमधल्या कडक हॅटसुद्धा त्यावर उभ्या होत्या. घेताना कडकपणासाठी काय वापरलंय हे दुकानदाराला विचारायला काहीच हरकत नाही.

हॅटच्या आत छापलेल्या एक्सच्या आकड्यांवर मात्र जाऊ नका. ४ एक्स, १० एक्स असं जे लिहितात ते प्रत्येक कंपनीचं आपापलं असतं, सगळ्यांना लागू होणारं माप त्यात नाही.

प्रश्न (सिडनी): मी इथे बरीच वर्षं आहे, अकुब्रा (इथल्याच कंपनीची फेल्टची हॅट) घालतो, बागेत, फिरायला, क्रिकेट बघायला. पावसाचा त्रास कधी झाला नाही. पण रिबिनीवर पांढरी रेघ आलीये आणि पुढे जिथे चिमटा असतो तिथे भोक पडायला लागलंय. एवढी महाग हॅट, एवढ्यात?

उत्तर: तुमचं पत्र वाचून बरं वाटलं कारण हॅट खरी झिजते कशाने ते तुमच्याच पत्रात आहे. पावसाने नाही, घामाने आणि बोटांनी.

भोकाचं आधी. हॅट काढताना आपण सगळेच पुढचा चिमटा अंगठा आणि दोन बोटांनी धरतो, हात आपोआप तिथेच जातो. तिथे फेल्ट आधीच घडीत मोडलेलं असतं, वर बोटांचं तेल आणि रोजचा दाब, मग आधी लव जाते, मग तो भाग उजेडाला धरला की विरळ दिसायला लागतो, मग बारीक चीर. हॅट दोन्ही हातांनी कडेला पुढून-मागून धरून काढायची आणि घालायची, एवढं एक केलं तरी चिमटा कितीतरी टिकतो. आत्ता जे भोक आहे ते विणून भरता येत नाही. पण तुमच्याकडे हॅट दुरुस्त करणारे आहेत, त्यांना दोन गोष्टी सांगा: आतून त्याच रंगाच्या फेल्टचा तुकडा चिकटवून द्या आणि वाफ देऊन घड्या नव्याने थोड्या सरकवून घाला, म्हणजे कमजोर जागा घडीतून बाहेर येईल. हे ते नेहमी करतात.

पांढरी रेघ म्हणजे घामातलं मीठ. घाम चामड्याच्या पट्टीतून फेल्टमध्ये, फेल्टमधून वर रिबिनीत चढतो आणि तिथे वाळतो. कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या सुती कापडाने टिपत टिपत काढा, दोन-तीन वेळा, मधे वाळू देऊन. रोज घरी आल्यावर पट्टी बाहेर उलटवून ठेवायची आणि कोरड्या कापडाने पुसायची, आणि एकच हॅट रोज घालायची नाही, एखादा दिवस तिला सुकायला द्यायचा. आणि आपल्या लोकांना खास सांगायचं म्हणजे डोक्याला खोबरेल लावून हॅट घालू नका. तेल चामड्यातून फेल्टमध्ये उतरतं आणि मग तिथे धूळ बसून काळा पट्टा तयार होतो जो कोणी काढून देत नाही. ताजा डाग असेल तर मुलतानी माती किंवा टाल्कम पावडर रात्रभर टाकून ठेवा आणि सकाळी ब्रशने पूर्ण झाडा. गडद रंगाच्या हॅटला आधी आतल्या बाजूला करून बघा, पांढुरकी छटा राहू शकते.

गाडीत डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेखाली ठेवता का? तुमच्याकडच्या उन्हाळ्यात ते टाळाच, बंद गाडीत हॅट तापते आणि पट्टी आखडते, म्हणजे ठाण्याच्या वाचकांचं ड्रायरने झालं तेच, पाणी न लागता.

बाकी अकुब्रा तिथल्या हवेला बनलेली आहे. न्यू साउथ वेल्समधल्या केम्प्सीला हा कारखाना १९७४ पासून आहे आणि हॅट सशाच्या फेल्टच्या. ऑस्ट्रेलियात १८५९ मध्ये व्हिक्टोरियातल्या एका जमीनदाराने शिकारीसाठी ससे सोडले आणि त्यांनी पुढे अख्ख्या देशातली शेतं खाल्ली, हे तुम्हाला तिथे कुणीही सांगेल. त्या सशांचे केस हॅटमध्ये गेले आणि त्या हॅट आज तिथला माणूस वर्षानुवर्षं घालतो. तुमचीही अजून बरीच वर्षं जाईल, पट्टी बदलून घ्यायची तयारी ठेवा.

प्रश्न (मडगाव): आजोबा बोटीवर होते. त्यांच्या ट्रंकेत एक राखाडी फेल्टची हॅट निघाली, आत कुठल्या तरी परदेशी दुकानाचं सोनेरी नाव पुसट दिसतं. कडेला बारीक भोकं आहेत आणि आतून बुरशीचा वास येतो. धुवून घालता येईल का? वाफ देऊ का?

उत्तर: धुवू नका आणि वाफही देऊ नका, यात घाई करायची नाही. जुन्या काळी सशाचे केस एकमेकांत नीट अडकावेत म्हणून त्यांना पाऱ्याचं द्रावण लावायचे, त्याने कारागिरांचे हात थरथरायला लागायचे, अमेरिकेतल्या डॅनबरी या हॅटच्या गावात त्या थरथरीला गावाचंच नाव पडलं होतं. अमेरिकेत हे १९४१ मध्ये बंद झालं. जुन्या हॅटमध्ये पाऱ्याचा अंश अजून असू शकतो. म्हणून आजोबांची हॅट हाताळताना हातमोजे घाला, उघड्या हवेत बसून काम करा, तापवू नका आणि लहान मुलांच्या खेळायला देऊ नका. मी तुमच्या जागी असते तर ती घातली नसती, काचेच्या कपाटात ठेवली असती.

भोकं आहेत ती कसरीची. पतंग दिसतो पण खातो तो नाही, त्याची अळी खाते, आणि तिला घाम, तेल लागलेला भाग जास्त आवडतो. हॅट पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार फेल्टवर दव बसतं. मग मऊ ब्रशने अळीची जाळी, अंडी झाडून टाका. बुरशी वरवर असेल तर हॅट कोरड्या हवेत, सावलीत ठेवा आणि नंतर गच्चीवर ब्रश करा, तोंडाला मास्क बांधून. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर कापडात गुंडाळून डब्याच्या कोपऱ्यात, फेल्टला टेकवून नको. सिलिका जेलच्या पुड्या मात्र नक्की घाला, गोव्याच्या पावसात त्याशिवाय काही खरं नाही, आणि त्या दर महिन्याला बदला किंवा तापवून कोरड्या करा.

आतलं सोनेरी नाव घासू नका. त्याचा तिरक्या उजेडात फोटो काढून ठेवा, अक्षरं जास्त स्पष्ट येतात, दुकान कुठल्या बंदरातलं ते कळलं तर आजोबांची बोट कुठे कुठे गेली त्याचाही धागा मिळेल.

प्रश्न (कोल्हापूर): आमची हौशी नाट्यसंस्था भगतसिंगांवर नाटक करतेय. हॅट कुठली घ्यावी? प्रयोगाला घाम, मेकअप, सामानाच्या पेटीत कोंबाकोंबी हे सगळं होणारच.

उत्तर: लोकरीच्या फेल्टची घ्या, दोन घ्या, एकाच साइजच्या. सशाची या कामात वाया जाईल. भगतसिंगांनी १९२८ च्या डिसेंबरात लाहोरहून निघताना केस कापून हॅट घातली होती, सोबत दुर्गाभाभी पत्नी म्हणून आणि आपले खेडचे राजगुरू नोकराच्या वेषात होते. आणि तो सगळ्या भिंतींवर दिसणारा फोटो १९२९ मध्ये दिल्लीच्या काश्मिरी गेटजवळच्या स्टुडिओतला. तो फोटो मोठा करून समोर ठेवा आणि कडेची रुंदी, तिरकेपणा त्यावरूनच घ्या. दुकानातली तयार फेडोरा बहुतेक अरुंद कडेची असते, ती अजिबात घेऊ नका, प्रेक्षकाला पहिल्या मिनिटात खटकते.

मेकअप लागू नये म्हणून आतल्या पट्टीवर सुती कापडाची पट्टी कच्च्या टाक्याने शिवा, प्रयोग झाला की उसवून धुवा. पेटीत हॅट उलटी, म्हणजे डोक्याची बाजू खाली आणि आत जुने कपडे भरून ठेवा, कडेवर कधीही नाही. साइज सेंटिमीटरमध्ये मोजा, कपाळाच्या मधोमध आणि कानांच्या वरून फीत फिरवून. ५७ किंवा ५८ बहुतेकांना येते. नटाच्या डोक्यापेक्षा एक सेंटिमीटर मोठी घ्या आणि पट्टीमागे फोमची पट्टी घाला, नट बदलला तरी चालून जाईल.

प्रश्न (नाशिक): वॉटरप्रूफ स्प्रे मारला तर चालतो का?

उत्तर: फेल्टसाठी असलेला चालतो, बुटांच्या मेणाचा नाही. दर पावसाळ्याआधी एकदा, हातभर लांबून, हलका फवारा, आधी कडेच्या खालच्या बाजूला मारून रंग बदलतो का ते बघा. फिकट हॅटवर डाग राहतो कधी कधी. स्प्रेने भुरभुर अडते, सर अडत नाही. त्यासाठी हॅटवर चढवायचं पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर मिळतं, अमेरिकेत वर्दीवाले घालतात ते, खिशात घडी करून मावतं. घरी आल्यावर ते लगेच काढा, आत कोंडलेला घाम तसाच राहिला तर त्र्यंबकच्या बाजूच्या तुमच्या हवेत दोन दिवसांत बुरशी धरेल.